इराप्पा मिस्त्रींचं बोट

आमच्या ऑफिसात जुन्या ड्रॉइंगच्या जेवढ्या गुंडाळ्या साठल्यात, त्याच्या दुप्पट किस्से साठलेत. गुंडाळ्यांवर निदान नंबर तरी असतो. किश्श्यांना तेही नाही! चहा आला की एकातून दुसरा निघतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "ते राहू दे, इराप्पा मिस्त्रींचं सांगा!" म्हणून मी आता सरळ त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

ऑफिस म्हणजे राजारामपुरीतलं एका आर्किटेक्टचं. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. मी तिथं ड्राफ्ट्समन म्हणून लागले ते १९९३ साली, डिप्लोमा करून, कसबा बावड्याहून सायकल मारत. आणि इराप्पा मिस्त्री म्हणजे मुरगूडचे सुतार. छपराच्या लाकूडकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मूळचे सीमेपलीकडच्या कानडी मुलखातले, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात मी एका कौलारू बंगल्याचं ड्रॉइंग काढलं. ट्रेसिंग पेपरवर, शाईत, एकही डाग न पाडता. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली आणि मिस्त्रींपुढं ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला नाही की पट्टी मागितली नाही. उजव्या हाताचं बोट छपराच्या आढ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आता मी पाणी."

बोट सावकाश उतारावरून खाली आलं. दोन छपरं मिळतात तिथं आलं आणि थांबलं.

"हितं मी आत शिरलो. खाली काय हाय?"

"स्वयंपाकघर."

"मग पडलो की भाकरीच्या बुट्टीत!"

सर उठून आले, वाकून बघितलं, आणि माझ्यापुढं खोडायचं ब्लेड ठेवलं.

त्यानंतर अकरा वर्षं मी ते बोट बघत आले. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते कधी माडीच्या जिन्यावर पडलं, कधी पाहुण्यांच्या गादीवर. सरांच्या स्वतःच्या एका ड्रॉइंगमध्ये थेट देवघरात! कागदाच्या बाहेर सुखरूप गेलेलं ते बोट आम्ही कोणी बघितलं नव्हतं.

*

सत्त्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, काचेचं दार आणि एसी. आम्ही घामाघूम, तो गारेगार! आत जाताना चपला बाहेर.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी आपला रंधा, करवत, वाकस आणून ऑफिसात मांडलं. शेजारी माझी टी-स्क्वेअर, सरांची पेनं, पेन्सिली आणि कॉम्प्युटरचा माऊस. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. माऊसच्या बटणात हळद गेली ती पुढं पाडव्यापर्यंत निघत होती.

आरती संपते न संपते तोच एक क्लायंट दारात. त्याला नकाशातल्या जिन्यात दुरुस्ती हवी होती, आत्ताच्या आत्ता. सर माऊसकडं हात न्यायला लागले.

"सर, पुजलेलं हत्यार आज चालवायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले.

सरांनी हात मागं घेतला. पेन्सिल? तीही पुजलेली. टी-स्क्वेअर? तीही. क्लायंट घड्याळ बघतोय. सगळं ऑफिस हत्यारांनी भरलेलं आणि हात लावायची सोय नाही!

शेवटी मिस्त्रींनीच क्लायंटच्या खिशाकडं बोट दाखवलं. "ह्यास्नी मागा की पेन. पावण्याचं पेन कुठं पुजलंय?"

सरांनी त्या पेनानं, वहीची कड पट्टीसारखी धरून दुरुस्ती काढून दिली. तो जिना आजही उभा आहे.

*

त्या काळी कॉम्प्युटरवर घराचं थ्री-डी चित्र काढायचं म्हणजे सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळी बघायचं. चित्र वरून खाली, रेघ रेघ करत उमटायचं. मधे लाईट गेली की पहिल्यापासून.

एकदा मिस्त्री दुपारी सहज आले आणि काचेतून बघत उभे राहिले. मग चप्पल काढून आत आले आणि स्टूल ओढून बसले ते उठेचनात. पडद्यावर आधी आभाळ उमटलं. मग आढं. मग एकेक ओळ करत कौलं. मग भिंती, खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी जोतं.

मिस्त्रींचे डोळे एवढे मोठे झाले होते! त्यांनी मॉनिटरला चक्क हात जोडले.

"अक्का, वरनं खाली बांधतंय हे! आदी छप्पर, मग भिंती, मग पाया!" मग आपल्या तळव्यांकडं बघत म्हणाले, "आमी उगंच मातीत हात घातला इतकी वर्सं."

मला हसू आलं, पण खरं सांगते, अंगावर काटाही आला. रोज बघत होते मी ते, पण असं एकदाही बघितलं नव्हतं.

*

आता ज्यात माझा जीव अडकला होता ते सांगते.

दोन हजार चार साली गगनबावड्याला एक घर निघालं. मालकीणबाई निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्याकडं सामान असं काही नव्हतंच, होती ती चाळीस खोकी पुस्तकं! आणि गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको.

कौलारू छपराच्या कडेला वाशांची टोकं झाकणारी पट्टी असते. ती वळचणीला सपाट धावते आणि त्रिकोणी भिंतीवर उतारानं चढते. दोन्ही पट्ट्या कोपऱ्यात भेटतात. म्हणजे, भेटायला हव्यात. सरांनी ठरवलं की यावेळी लाकूड नको, सिमेंटच्या पट्ट्या फॅक्टरीतून कापूनच आणायच्या, माझ्या कॉम्प्युटरच्या मापांवरून. म्हणजे चुकलं तर जागेवर रंधा मारायची सोय नाही.

"कोपरा गळला तर हे मशीन विकायचं," सर म्हणाले, "आणि तू परत ट्रेसिंग पेपरवर."

सात वर्षं खपून शिकले होते मी ते मशीन. आणि कोपरा काही जुळेना! सपाट पट्टी नीट बसायची. तीच पट्टी उतारावर चढवली की तिरकी व्हायची आणि कोपऱ्यात चक्क बोटभर भगदाड.

सरांनी पुण्याहून एक्स्पर्ट बोलावला. टाय, ब्रीफकेस, नवीन व्हर्जनची सीडी. "एका क्लिकमध्ये होतं!" म्हणाला आणि क्लिक केलं. एका क्लिकमध्ये पट्टी छपराला लागली, पोर्चला लागली, पाण्याच्या टाकीला लागली आणि तुळशीवृंदावनालाही लागली. कोपऱ्यात भगदाड तसंच.

मी ते मोठं करून त्याला दाखवलं. गडी जराही डगमगला नाही.

"मॅडम, एवढं झूम करायचंच नसतं!"

मागून मिस्त्रींचा आवाज आला, "पाण्याला सांगा की मग तसं."

*

एक्स्पर्ट गेला. मी डोकं धरून बसले. मिस्त्रींपुढं रीतीप्रमाणं गूळ-पाणी ठेवलेलं होतं. त्यांनी गुळाचा मोठा खडा उचलला, पेन्सिल तासायची सुरी घेतली आणि तासायला लागले. पाच मिनिटांत छपराचा कोपरा तयार! एक पट्टी सपाट, एक उताराची, दोन्ही गळ्यात गळा घालून.

"उताराची पट्टी येगळ्या मापाची लागती, अक्का. एकाच साच्यातनं दोन्ही काढलीस तर भेटणार कशी?"

मी सपाट बाजू मोजली. उताराची मोजायला वही उलटते तर सर केबिनमधून आले, चहाचा कप घेतला, समोरचा कोपरा उचलला आणि तोंडात टाकला.

"गूळ बरा आहे. कुठला?"

मला रडू यायचंच बाकी होतं! मिस्त्रींनी शांतपणे दुसरा खडा घेतला आणि पुन्हा कोपरा काढला. मी त्याची सपाट बाजू पहिल्या मापाशी ताडून बघितली. सुताचा फरक नाही! ना पट्टी, ना खूण, नुसता हात आणि डोळा. मी त्या गुळाकडं बघतच राहिले.

उताराचा वेगळा साचा काढून कॉम्प्युटरला दिला. कोपरा जुळला.

"मिस्त्री, पण हे आता फॅक्टरीतनं येणार," मला राहवेना. "तुमचंच काम गेलं की यात."

"जाईना का. बाईंच्या पुस्तकावर पाणी पडू ने म्हंजे झालं."

"मग बोट ठेवून सांगा, बरोबर आहे का?"

"बोट कशाला? यंदा पाण्यालाच इचारू."

*

पट्ट्या आल्या, बसल्या. जुलैत सर, मिस्त्री आणि मी गगनबावड्याला गेलो. तीन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. कौलांवर असा मारा की बोलणं ऐकू येईना. त्याच कोपऱ्याखालच्या खोलीत चाळीस खोकी, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली, जशीच्या तशी.

"कोपरा कोरडा आहे," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी हात फिरवून बघते. पण तो का कोरडा आहे ते मला कळेपर्यंत मी एकही पुस्तक बाहेर काढणार नाही."

सरांनी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. आम्ही सगळ्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"अक्का, आता तू पाणी."

मी आढ्यावर बोट ठेवलं. उतारावरून खाली आले. पट्टीवर आले. पट्टीवरून कोपऱ्यात. थांबले. "इथं दोन्ही पट्ट्या भेटल्यात, आत शिरायला फटच नाही," मी बाईंना म्हणाले. मी कोपरा ओलांडला, कागदाची कड ओलांडली आणि बोट टेबलावर उतरलं.

बाहेर पाऊस कोसळतच होता. इराप्पा मिस्त्रींनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्यापुढं धरला.

"बोट पूस, अक्का."