मागच्या बाकाजवळची खुर्ची

शाळेत मी तिसरीच्या मुलांची उजळणी घेत होते. शेजारचा दाविद वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. शमुवेलकाका गेले होते, प्रभूत निजले होते. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. बोलताना धाप लागत होती, तरी त्यांनी विचारलं, “रविवारचा वर्ग कोण घेतंय?” मी म्हटलं, “सध्या कुणीच नाही.” त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून मी निघाले… आता वाटतं, मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले असतील.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आठवडाभर गिरणीत नोकरी आणि रविवारी उपासनेआधी चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या माणसांसाठी बायबलचा वर्ग. गिरणीतल्या साहेबाची त्यांनी कधी धास्ती घेतली नाही, या वर्गाची मात्र फार घेतली. शुक्रवार उजाडला की ते घरात असून नसल्यासारखे. काकू म्हणायची, “आमटीत मीठ घालायचं राहिलं तर यांना सोमवारी कळतं.” कुणी अवघड प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं, “पुढच्या रविवारी सांगतो.” तरुण पोरं पाठीमागे त्यांना ‘पुढचा रविवार’च म्हणत. मीही हसायचे. इतकं काय त्यात, असं मला वाटे.

इतकं काय, ते मला सोनाबाईंमुळे कळलं. सोनाबाई विड्या वळायच्या, आणि वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसायच्या. आमच्याकडे प्रभूभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करताना, भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं. मंडळीच्या कारभारी वडीलजनांपैकी एक म्हणून ते फिरवायचं काम काकांकडे होतं. दुष्काळानंतरच्या वर्षी एकदा त्यांच्या लक्षात आलं, की सोनाबाई ताट हातात घेतात आणि भाकर न घेताच शेजारणीकडे देतात. उपासना सुटल्यावर त्यांनी कडुलिंबाखाली त्यांना गाठलं. मी बरोबरच होते.

“सोनाबाई, भाकर का घेतली नाहीत?”

“तुमीच शिकिवलं की,” त्या सहज म्हणाल्या. “भांडण मिटवल्याबिगर हात लावायचा न्हाय म्हणून. वळसंगला भनीसंगं पाण्यावरनं लई भांडले हुते. ती तर मातीत गेली. आता कुणासंगं मिटवू?”

बहीण गेल्यापासून त्यांनी भाकर घेतली नव्हती. तक्रार नव्हती, राग नव्हता. काकांनी शिकवलं ते खरं मानून त्या स्वतःहून बाहेर राहिल्या होत्या, आणि आता जन्मभर तसंच राहायचं असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. काका तिथेच पारावर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू चिडली, मग घाबरली. संध्याकाळी ते मला एवढंच म्हणाले, “पोरी, मी दार दाखवायला उभा होतो गं… आणि तिच्या तोंडावर लावून घेतलं.”

पुढच्या रविवारी त्यांनी आमच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे, उपदेशाआधी बोलायची परवानगी मागितली. साहेब भला माणूस. म्हणाले, “वर्गातच सांगा ना, सगळ्यांसमोर कशाला?” काका म्हणाले, “शिकवताना मी दार लावून शिकवलं नव्हतं.” मग उभे राहिले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. भांडण मिटवायला जा, म्हणालो. ज्याचं माणूसच उरलं नाही त्यानं काय करायचं, हे सांगितलं नाही. त्यानं देवाजवळ रडावं आणि भाकर घ्यावी. हे मेज माझं नाही. ज्याचं आहे, त्यानं अशा कुणाला उठवलेलं नाही.” सोनाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. शिक्षकानं असं चारचौघांत चूक म्हणू नये, वचक राहत नाही, अशी कुजबुज झालीच. काकांनी ती ऐकली आणि सोडून दिली. पुढल्या प्रभूभोजनाला ताट शेवटच्या बाकावर गेलं तेव्हा सोनाबाईंनी भाकर उचलली. मी रडले. काका तिकडे न बघता पलीकडच्या बाकाकडे वळले.

त्यानंतर त्यांनी पुढची, उपदेशाच्या पुलपिटाजवळची आपली खुर्ची उचलून शेवटच्या बाकाशेजारी ठेवली आणि अखेरपर्यंत तिथूनच शिकवलं. पुढच्या लोकांना माना वळवून बसावं लागे. धडा संपला की आधी सोनाबाईंना विचारत, “काय ऐकलंत, सांगा बघू.” त्या सांगेपर्यंत वर्ग सुटत नसे.

काका गेल्यावर पाळकसाहेबांनी वर्ग घ्यायला मला सांगितलं. मी नाही म्हटलं. शाळेत रोज शिकवते, पण तिथे पाढा चुकला तर पुसता येतो. साहेबांनी पुन्हा विचारलं. मला काकांचे मिटलेले डोळे आठवले आणि मी हो म्हटलं. रविवारी बायबल छातीशी धरून मी पुढे पुलपिटाजवळ उभी राहिले. मागून सोनाबाई उठल्या. पदरानं त्यांनी ती खुर्ची पुसली.

“हितं बसा की, बाई. तितनं आमाला नीट ऐकू येत न्हाय.”

मी जाऊन बसले. खुर्चीचा उजवा हात काकांच्या हातानं गुळगुळीत झाला होता. मी पुस्तक उघडायच्या आत सोनाबाईंनी विचारलं, “आमची भन आमाला वर भेटंल का वो? भेटली तर बोलंल का?”

उत्तर माझ्या अगदी जिभेवर होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

“पुढच्या रविवारी सांगते,” मी म्हटलं. कुणीही हसलं नाही.