जानकीनं घातलेलं गाऱ्हाणं

काशीराम पेडणेकराला फाशीची शिक्षा झाली, तेव्हा त्याचा खोकला पहिल्यांदा सरकारच्या कानावर गेला.

त्याआधी तो बरीच वर्षं खोकत होता. गिरणीत कापसाच्या धुरळ्यात खोकला. गिरणीतून काढल्यावर मुलुंडच्या डोंगराखाली झावळ्यांच्या खोपटात खोकला. कोणी विचारलं नाही. आता ठाण्याच्या तुरुंगातला डॉक्टर त्याची छाती तपासू लागला, वेळेवर औषध देऊ लागला आणि रोज काट्यावर उभं करून वजन घेऊ लागला. फाशीचा कैदी प्रकृतीनं ठणठणीत असावा लागतो. काशीरामचं वजन वाढलं. भेटीला आलेल्या बायकोला, जानकीला, त्यानं हे जरा संकोचानंच सांगितलं.

“हयसर खावक बरा देतत.”

“खा,” जानकी म्हणाली. “घराक येशीत तेवा असा खावक मेळाचा नाय.”

घरी येण्याबद्दल ती अशी बोलायची, की पहाऱ्यावरच्या शिपायालाही वाटावं, माणूस गावच्या जत्रेला गेलाय.

१९५३ साली मुलुंडला एका रंगाच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. काशीराम तिथं मालाच्या कोठीचा राखणदार होता. एका सकाळी कोठीच्या दारात मुकादम मरून पडलेला त्याला दिसला. जिवंत असेल म्हणून यानं त्याला उचलून बसवलं, त्यामुळे याचे कपडे रक्तानं माखले. मुकादमाचं हातभट्टीवाल्यांशी वाकडं होतं हे अख्ख्या मुलुंडला माहीत होतं. पोलीस मुलुंडचे नसावेत. त्यांना समोर रक्ताचे कपडे घातलेला माणूस दिसला आणि शोध संपला.

खटला लांबला नाही. गरिबाचा खटला लांबत नाही. लांबवायला वकील लागतो. तसा सरकारनं वकीलही दिला होता. घाटकोपरचे शरच्चंद्र कारखानीस हे सभ्य, वाचनाचे नादी गृहस्थ. त्यांची आणि आरोपीची पहिली भेट कोर्टातच झाली. पण आरोपीनं मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब दिलेला होता, त्यामुळे वकिलाला फारसं काम उरलं नव्हतं. सेशन्स कोर्टानं फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टानं ती कायम केली. कारखानिसांनी हळहळ व्यक्त केली आणि कागद बांधून कपाटात ठेवले.

जानकीनं ते परत काढायला लावले. मुलुंडहून घाटकोपरला ती चालत यायची आणि वकिलांच्या पायरीवर बसायची. रडायची नाही, हात जोडायची नाही, नुसती बसायची. येणारे पक्षकार तिला ओलांडून आत जायचे. शेवटी एका रविवारी कारखानीस म्हणाले, “बाई, आत या. दयेचा अर्ज करता येतो. उपयोग होईल असं नाही.”

“करा,” जानकी म्हणाली.

अर्ज त्यांनी शुद्ध, भारदस्त मराठीत लिहिला. दया मागायची तर आधी गुन्हा पदरात घ्यावा, असा या अर्जांचा रिवाज असतो. अंगठा घेण्यापूर्वी वाचून दाखवायचा म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि सुरुवात केली.

“मी, अर्जदार, आपल्या चरणी नम्रपणे निवेदन करते की...”

“व्हय म्हाराजा,” जानकी म्हणाली.

कारखानिसांना जरा बरं वाटलं.

“माझे पती अत्यंत दरिद्री असून...”

“व्हय म्हाराजा.”

“त्यांच्या हातून क्षणिक संतापाच्या भरात सदर मुकादमाचा खून घडला...”

“व्हय म्हाराजा.”

कारखानीस थांबले. चष्मा काढला. “अहो बाई, तुम्ही तर आजवर म्हणत होता, त्यानं खून केला नाही.”

“नायच केल्यान.”

“मग आत्ता होय कशाला म्हणालात?”

जानकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं. “तुमी गाऱ्हाणां घालतास मा? मधी कसा आडवतलंय? घालणाऱ्यान घालूचा, बाकीच्यांनी व्हय म्हणूचा. मगे खरा काय नि खोटा काय, ता देव बघता.”

कोकणातलं गाऱ्हाणं कारखानिसांनी ऐकलं नव्हतं असं नाही. देवळासमोर मानकरी उभा राहतो, देवापुढे गावाची सगळी रड मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात कोणी वाक्य तपासत बसत नाही. उंच जागेसमोर उभं राहून कोणी गंभीर सुरात बोलू लागलं, की खालच्यांनी साथ द्यायची, एवढंच. कारखानिसांनी ते गमतीनं ऐकलं होतं. मॅजिस्ट्रेटचं आसनही उंच असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी कबुलीजबाबाची नक्कल उघडली. ती त्यांनी पूर्वीही वाचली होती. कबुली दिलीच पाहिजे असं नाही, हे समजलं का? होय महाराज. मुकादमाला तूच मारलंस? होय महाराज. स्वखुशीनं सांगतोस? होय महाराज. पोलिसांनी मारहाण केली का? होय महाराज. या शेवटच्या उत्तरापुढे मॅजिस्ट्रेटनं टीप दिली होती: ‘आरोपीस प्रश्न समजलेला दिसत नाही.’ बाकीचे सगळे प्रश्न मात्र त्याला समजले होते.

कारखानिसांनी पहिला अर्ज फाडला.

दुसरा अर्ज, कबुली म्हणजे नुसती गाऱ्हाण्याची साथ होती असं सांगणारा, सचिवालयात गेला आणि तिथं राहिला. अर्जावर मत लिहायचं काम श्यामकांत धुरंधर नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. हे मुंबईतच जन्मलेले, मुंबईतच वाढलेले. भेटायला आलेल्या वकिलांना आणि जानकीला त्यांनी बसायला सांगितलं, यावरून मनुष्य भला असावा. जानकी उभीच राहिली.

“मुद्दा कल्पक आहे, कारखानीस,” धुरंधर म्हणाले. “पण पटत नाही. खुनाला कोणी सवयीनं होय म्हणत नाही. आपला जीव प्रत्येकाला कळतो.”

“साहेब, ती पद्धतच तशी...”

“पद्धत जत्रेत. इथं मरणाचा प्रश्न आहे.”

जानकीनं पदर खोचला. दारात दोन पट्टेवाले उभे होते आणि तिसरा, बाळा नावाचा, चहाचा ट्रे घेऊन आत आला होता. तिघं कुठले ते तिनं येतानाच विचारून घेतलं होतं: एक कुडाळचा, दोघं कणकवलीकडचे. सरकार कोणाचंही असो, सचिवालयाची दारं तेव्हा कोकणी माणूसच उघडत असे.

गावी बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पण गावी कोणाच्या घोवाला फाशीही झाली नव्हती. जानकीनं धुरंधरांच्या टेबलासमोर हात जोडले, डोळे मिटले आणि मानकऱ्याचा खडा, लांबवलेला सूर लावला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दारातून आलं.

“आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी रवली हत!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाक तिठ्यार आडवल्यानी आसात, कोणाक गजाआड घातल्यानी आसात!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या कचेरीतल्या हेडक्लार्काक ह्या तीन पट्टेवाल्यांनी ठार मारल्यानी आसा!”

“व्हय म्हाराजा!”

चहाचा ट्रे खडखडला. बाळाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाहेरच्या टेबलावर हेडक्लार्क जिवंत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

धुरंधर हळूच म्हणाले, “बाळा, तू काय म्हणालास?”

“सायेब, तां... गाऱ्हाणां होता.”

“खून केलात म्हणालास.”

“हेडक्लार्क सायबांक कशाक मारू, सायेब? बरो माणूस आसा.”

“मग होय का म्हणालास?”

बाळानं जानकीकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग आपल्या बुटांकडे. “तोंडातसून इला,” तो म्हणाला. “नाय म्हणूक कोण शिकवल्यान आमका?”

जानकीनं डोळे उघडले. “माझ्या घोवाकडसून पण तसाच इला, सायेब. फरक इतकोच, हेका तुमी परत इचारलात, तेका कोणी इचारूक नाय.”

धुरंधरांनी चहा घेतला नाही. कागद ओढला आणि पुष्कळ वेळ लिहीत बसले. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, जानकीनंही विचारलं नाही. तिनं निघताना बाळाला एवढंच म्हटलं, “चाय थंड झाली रे.”

फाशी रद्द झाली. तिच्याऐवजी जन्मठेप. कारण दिलेलं नव्हतं. दयेला कारण लागत नाही. कारखानीस आनंदानं स्वतः मुलुंडला आले आणि खोपटाच्या दारात वाकून बातमी सांगितली. त्यांची अपेक्षा होती की ती आता तरी रडेल.

“म्हंजे खून केल्यान ता तसाच ऱ्हवला,” जानकी म्हणाली.

“बाई, जीव वाचला.”

“त्याचे उपकार आसत तुमचे. आता फुडे काय करूचा ता सांगा.”

“पुढं फार कठीण आहे.”

“कठीण ता मिया बघतंय. तुमी लिवा.”

हुकूम कैद्याला वाचून दाखवायचा असतो. जानकीनं तुरुंगात हट्ट धरला की भेटीच्या दिवशी, आपल्यासमोर वाचा. जेलरला त्यात हरकत घ्यायला नियम सापडला नाही. काशीरामला आणून उभं केलं. तो चांगला भरला होता. खोकला जवळजवळ गेला होता.

जेलरनं घसा साफ केला. सरकारी मराठी मोठ्या सुरात निघाली.

“खुनाच्या अपराधाबद्दल दोषी ठरलेला, आणि सदर अपराध कबूल केलेला, कैदी काशीराम...”

काशीरामची मान खाली गेली, हात जुळले, ओठ उघडले. मग त्यानं जाळीपलीकडे पाहिलं. जानकी त्याच्याकडे बघत उभी होती.

“नाय,” काशीराम म्हणाला.

जेलर थांबला. “काय नाही? अजून पुरतं वाचलंही नाही मी.”

“नाय म्हाराजा.”

“अरे, तुझी फाशी माफ झालीय. ती माफी नको म्हणतोस?”

“ती व्हयी,” काशीराम म्हणाला. त्यानं जुळलेले हात सोडले. “खून करूक नाय.”

जेलरनं कागदाकडे पाहिलं, कैद्याकडे पाहिलं. कैद्यानं मध्येच बोलल्यास काय करावं, याची सोय हुकुमात नव्हती.

“पहिल्यापासून वाचा, सायेब,” जानकी म्हणाली. “तो हर वेळेक सांगतलो.”