आजोबांचे लाल मासे

आज बाबांच्या श्राद्धाची खीर ढवळताना वेलदोड्याचा वास आला आणि वाघोलीच्या या फ्लॅटमधून मी थेट येरवड्याच्या जुन्या घरामागच्या हौदापाशी पोचले.

हौदात आजोबांनी लाल मासे पाळले होते. आजोबा गेल्यावर माशांवर टपलेल्या बगळ्याला हाकलायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या वर्षश्राद्धाला बाबांनी हौदाच्या कठड्यावर पान ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघत थांबलो. कावळा आलाच नाही. आला तो बगळा.

मी काठी उचलली, तशी आई कळवळली, "अगं, हाकलू नकोस! आज कोण कुठल्या रूपात येईल, सांगता येतं का?"

"आमचे वडील शाकाहारी होते," बाबा कोरडेपणाने म्हणाले. पण तेही जागचे हलले नाहीत.

बगळ्याने पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने सावकाश एकेक मासा उचलला. चोचीबाहेर लाल शेपटी फडफडायची, मग थांबायची. मी काठी धरून नुसती बघत राहिले.

आता गच्चीत बाबांचं पान वाळत चाललंय. कावळा फिरकत नाही. बगळा आला तरी चालेल. पण त्याला द्यायला माझ्याकडे मासे कुठे आहेत?