उंबऱ्याबाहेरचा प्रश्न
कडुलिंबाचा पाला उकळल्याचा कडवट वास आला, की मला जिवती गावातली पत्र्याची प्रार्थनाशाळा आठवते. तिथे मी नव्या विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची तोंडओळख करून देत असे. त्या दुपारी देवाने मनुष्यदेह का घेतला, हा पाठ होता. पायाला चिघळलेली जखम असलेला एक म्हातारा ती पाल्याच्या पाण्याने धुऊन, नवी वही घेऊन अगदी पुढे बसला होता. तापलेल्या पत्र्याखाली पू आणि कडुलिंब यांचा वास दाटला, तसा मी नाकाला रुमाल लावला आणि बोटानेच त्याला दाराबाहेर बसायला खुणावले. पाठ संपता संपता त्याने उंबऱ्याबाहेरून विचारले, "भाऊ, देवानं आपल्यावानी अंग घेतलं म्हणता, तं त्या अंगाले वास येत होता का नाई?" कोणीतरी म्हणाले, "बाबाजी, तुमच्यावानी नसन येत!" सगळे हसले, मीही हसलो, आणि असले प्रश्न अभ्यासात नसतात, असे म्हणालो. "मंग माहं इथी काई काम नाई," म्हणत त्याने वही उंबऱ्यावर ठेवली आणि तो लंगडत गेला, तो पुन्हा आला नाही. आज मधुमेहाने चिघळलेला माझा पाय तशाच पाल्याच्या पाण्याने धुताना पत्नी नाक झाकत नाही, आणि मला दाराकडे वळलेल्या त्या बोटाची शिसारी येते.