साडूंच्या पाठीमागची टाकी

माझे थोरले साडू आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. हे माझं मत नव्हे, त्यांचं आहे. पण ते त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या शांतपणे सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं, की सिंदी मेघे गावात त्यांच्याशी वाद घालायला कोणी उभं राहत नसे. अंगणात त्यांनी संत्र्याचं म्हणून एक कलम लावलं. ते वरून जळलं, खालच्या जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या खुंटालाच फुटवा आला आणि पाचव्या वर्षी झाड जंभेरीनं लदलं. साडूंनी त्या सालापासून संत्र्याचं नाव टाकलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जंभेरीच्या लोणच्यानं पोट कसं साफ राहतं ते सांगायला लागले. त्यांची गाडी चुकली तर ती वेळेआधी सुटलेली असे. पत्त्यांत हरले तर पत्ते नीट पिसलेले नसत. मी वर्ध्याच्या शाळेत मास्तर, म्हणजे चुका काढणं हा माझा धंदा. पण साडूंच्या समोर माझी लाल शाई वाळून जायची.

त्यांच्या या न चुकण्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे त्यांची मोटार. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही एक अमेरिकन पिकअप. पुढे तिघं कसेबसे मावतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यातून साडू सरकीची पोती, संत्र्याच्या पेट्या आणि लग्नसराईत पाहुणे सारख्याच मायेनं वाहत. गाडी मजबूत होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिची पेट्रोलची टाकी बसवली होती केबिनच्या आत, बसणाऱ्याच्या पाठीमागे उभी. सीटला टेकून बसलं की मधे एक पातळ गादी आणि तिच्यामागे पंधरा ग्यालन पेट्रोल. गाडी खड्ड्यातून गेली की मागे कोणीतरी चुळा भरतंय असा आवाज यायचा. मी एकदा त्यांच्यासोबत पुलगावपर्यंत गेलो, तर त्या वासानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. साडूंना मात्र वास येत नसे. वास येतो म्हणणाऱ्याच्या नाकातच काहीतरी बिघाड असला पाहिजे, असं ते म्हणत, आणि त्याला कडुनिंबाचा काढा सुचवत.

टाकी पाठीशी असण्याचे त्यांना फायदेच फायदे दिसत. पेट्रोल दाखवणारा काटा कधीचाच मोडला होता, पण साडूंना काट्याची गरज नव्हती. चालवता चालवता ते डावा हात मागे नेत, बोटांनी टाकीवर टकटक करत आणि कान देऊन सांगत, "साडेतीन ग्यालन." मी एकदा मुद्दाम मोजून पाहिलं. साडेतीनच निघालं. शिवाय टाकी आत असल्यामुळे पेट्रोल चोरीला जात नाही, उन्हानं तापत नाही, आणि थंडीत पाठीला गारवा लागतो तो तब्येतीला चांगला असतो. ज्यांनी एवढी मोठी लढाई जिंकली त्यांना टाकी कुठं लावायची हे कळत नसेल का, हा त्यांचा शेवटचा मुद्दा असे. ताई म्हणजे त्यांच्या मंडळी. गाडी आल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्या एकदाही केबिनमध्ये बसल्या नाहीत. उन्हातान्हात, डोक्यावर छत्री धरून, हौद्यातल्या पोत्यावर बसून जायच्या आणि कोणी विचारलं तर मागे वारा छान लागतो म्हणायच्या.

आता गंमत अशी, की टाकीला काही धोका नाही असं म्हणणारा हा माणूस गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाची झडती घेत असे. हौद्याच्या शेवटाला तारेनं एक रिकामा डबा टांगलेला होता. काडेपेटी, विडी, चिलीम, जे काही असेल ते त्यात टाकायचं आणि उतरताना आपापलं घ्यायचं. तहसिलातल्या एका कारकुनानं मोज्यात काडेपेटी लपवली होती, ती सापडल्यावर साडूंनी त्याला सेवाग्रामच्या रस्त्यावर भर दुपारी उतरवला आणि त्याची पेटी मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीत नेऊन दिली. मी म्हटलं, टाकी जर इतकी बिनधोक आहे तर ही झडती कशाला? तर म्हणाले, दोष काडेपेटीचा आहे, टाकीचा नाही.

या झडतीनंच घात केला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं ते कारंज्याच्या पलीकडच्या एका संत्र्याच्या बागायतदाराकडे. वऱ्हाड रेल्वेनं आलं. वरपित्याला आपल्या शेजारी केबिनमध्ये बसवून मांडवात न्यायचा मान साडूंनी अर्थातच कोणाला दिला नाही. स्टेशनाबाहेर बँड वाजतो आहे, व्याही फेटा सावरत पाय उचलतात, आणि साडूंनी त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. चांदीची विड्यांची डबी निघाली, काडेपेटी निघाली, आणि दोन्ही वस्तू पाचपन्नास माणसांदेखत त्या टांगलेल्या डब्यात गेल्या. बँड आपोआप थांबला. व्याह्यांची समजूत घालता घालता माझ्या घशाला कोरड पडली. लग्न लागलं, जेवणावळी झाल्या, पण व्याही ते विसरले नाहीत.

वर्षभरानं लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आणायचं ते सातव्या महिन्यात, कारण आठव्यात पोरीला हलवत नाहीत. साडूंनी आणायला येतो म्हणून कळवलं आणि व्याह्यांचं पोस्टकार्ड आलं. सूनबाईस पाठविण्यास आमची हरकत नाही. मात्र ज्या टाकीपायी आमची चारचौघांत झडती झाली, ती टाकी सूनबाईंच्या पाठीशी असता कामा नये. चौदा दिवसांनी आठवा लागतो, हे ध्यानात असावे. म्हणजे चौदा दिवसांत टाकी हलली नाही, तर पोर तिकडेच बाळंत होणार. व्याह्यांच्या गावाहून बसच्या सडकेपर्यंत सात मैल दगडधोंड्यांची गाडीवाट होती, आणि बैलगाडीतून तिला आणायला कोणीच तयार नव्हतं. दुसऱ्याची मोटार मागून लेक आणणं साडूंना जमण्यासारखं नव्हतं.

दोन दिवस साडू ते कार्ड खिशात घेऊन हिंडले. मला गाठून विचारत, अमेरिकेत बायका बसत नसतील का अशा गाडीत? तिसऱ्या दिवशी मी तिथं असतानाच ताईंनी लुगडी पिशवीत भरली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमी टाकी सांभाळा. मी पायी जाईन तिच्यापाशी, अन् तिथंच राईन." पोरीच्या सासरी जाऊन आईनं बाळंतपण करायचं, म्हणजे माहेर असून नसल्यासारखं. साडू उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी पाहतो तो गाडीची सीट अंगणात, आणि साडू चाव्या-पाने पसरून बसलेले. मला म्हणाले, गाडी पुढून जड होते हे दोन वर्षांपासून त्यांच्या लक्षात आलं होतं. टाकी मागे नेली की वजन सारखं वाटलं जाईल. पोस्टकार्डाचा उल्लेखही नाही. मी मान डोलावली. टाकी काढली, रिकामी केली, तीनदा पाण्यानं भरून ओतली आणि तोंड उघडं ठेवून सहा दिवस उन्हात वाळवली, कारण आत वाफ राहिली असती तर कथलाचा डाग देताना भडका उडाला असता. तेवढे सहा दिवस साडूंचा डोळा पंचांगावर आणि नाक टाकीच्या तोंडाशी. मग हौद्याखाली, मागच्या चाकांच्या मागे, ती आडवी बसवली. जिनिंगमधून कापसाच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या आणून त्यांनी आवळली आणि पुढे इंजिनपर्यंत तांब्याची नळी नेली. टाकी आडवी झाल्यामुळे जुनं तोंड बंद करून बाजूला नवं काढायचं होतं. ते काम तेलातुपाचे डबे बनवणाऱ्या एका कारागिराला दिलं. त्याच्या डब्यातून थेंब गळला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. साडूंनी त्याला बजावून सांगितलं की नव्या टाकीतून वासाचा कणसुद्धा बाहेर आला नाही पाहिजे. आयुष्यभर ज्याला वास आला नाही, तो माणूस हे सांगत होता. त्या कारागिरानंही मान राखला. टाकीच्या झाकणाला सुईएवढं एक भोक होतं, ते त्याला डोळ्यात सललं; झाकणाला भोक म्हणजे त्याच्या धंद्याची अब्रूच. त्यानं न विचारता, न मोबदला घेता, त्यावर डाग देऊन टाकला.

बाराव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. ताई पहिल्यांदा केबिनमध्ये बसल्या. मी हौद्यात. टाकी काठोकाठ भरलेली. पण साडूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण टकटक करायला मागे काही उरलंच नव्हतं. सवयीनं त्यांचा हात मागे जायचा आणि रिकामाच परत यायचा. मग दर चार मैलांवर गाडी थांबवून ते उतरत, झाकण काढून आत वेताची काडी बुडवून पेट्रोल पाहत आणि पुन्हा चढत. आर्वी येईपर्यंत किती वेळा थांबलो हे मी मोजायचं सोडून दिलं. गाडी मात्र एकदाही अडली नाही.

व्याह्यांनी कंदील घेऊन केबिनमध्ये आणि हौद्याखाली वाकून पाहिलं, आणि तोंडातली विडी विझवून सुनेला जायला सांगितलं. रात्री मुक्काम करून सकाळी आम्ही परत फिरलो. लेक मधे, तिच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला साडू. ताईंनी निघतानाच सांगून टाकलं की वाटेत उठसूट थांबायचं नाही, पोरीला बसवत नाही. साडूंनी ऐकलं. आणि कारंजं सोडून पाच-सहा मैल झाले असतील, दोन्हीकडे नुसतं रान, तोच गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

साडूंनी हँडल मारलं. मी मारलं. पुन्हा त्यांनी मारलं. इंजिन फुरफुरायचं आणि गप्प व्हायचं. ऊन चढायला लागलं. लेकीचा चेहरा उतरला होता, ती पोटाशी हात धरून बसली होती, आणि ताई तिला पदरानं वारा घालत होत्या. पुढे-मागे चाकाचा आवाज नाही. कारंज्याला परत जायचं तरी पोरीला चालवत कसं न्यायचं? मी साडूंकडे पाहिलं. एरवी अशा वेळी दोष रस्त्याचा असे, पेट्रोलवाल्याचा असे. त्या दिवशी त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही. बॉनेटवर दोन्ही हात टेकून नुसते उभे राहिले. त्यांना असं उभं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्या बंद गाडीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

काहीतरी करायचं म्हणून ताई उतरल्या, मागे गेल्या आणि साडू करत होते तसं त्यांनी झाकण फिरवलं. टाकीनं एवढा मोठा श्वास आत ओढला की मी दचकलो. ताईंनी झाकण हातात उलटंपालटं करून पाहिलं.

"तेलाच्या डब्याले दोन भोकं पाडा लागते," त्या म्हणाल्या. "एकच पाडलं तं तेल येत नाई. याले वारा कुठून जाईन?"

साडू येऊन पाहत उभे राहिले. मग त्यांनी झाकण घेतलं, गाडीपासून लांब एका दगडावर ठेवलं. ताईंनी खिळा धरला आणि साडूंनी पान्यानं दोन टोले दिले. डाग निघून गेला, सुईएवढं भोक पुन्हा मोकळं झालं. तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. हौद्यात चढून मी एकटाच हसत होतो. तिथून वर्ध्यापर्यंत गाडी कुठंही थांबली नाही. जाताना साडू दर चार मैलांवर झाकण काढत होते म्हणून गाडीला वारा मिळत होता, हे माझ्या डोक्यात आर्वी ओलांडल्यावर आलं.

उन्हं उतरताना आम्ही सिंदीच्या अंगणात पोचलो. ताईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला हाताला धरून आत नेलं. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा मला बरं वाटलं. साडू मात्र केबिनमधून उतरले नव्हते. मी जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, आता सगळं सुखरूप झालं, चला आत.

ते समोर पाहत म्हणाले, "मास्तर, ही लहान होती तवापासून मी हिले अशीच माह्या बाजूले बसवून शाळेत नेऊन सोडत होतो. भरली टाकी पाठीशी. मले समजत नोतं असं नाई. पण एकदा का चुकलं म्हटलं असतं, तं साऱ्या गेल्या दिवसांचं भेव एकदमच लागलं असतं." मग म्हणाले, "आज लागलं."

 त्यांचे हात अजून चक्रावरच होते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, ताईंनी चहाला हाक मारेपर्यंत.

दोन महिन्यांनी लेक सुखरूप बाळंत झाली. नातू झाला. साडूंनी गावभर सांगितलं की टाकी मागे नेण्याची कल्पना त्यांना दोन वर्षं आधीच सुचली होती, आणि ताईंनी आणि मी दोघांनीही ते खरं मानलं. आता साडू नाहीत. लेकीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं आहे. भेटली की ती वडिलांच्या गोष्टी काढून हसते, आणि शेवटी दर वेळी म्हणते, "माह्या बाबूजींले कशाचंच भेव नोतं, काका." मी हो म्हणतो.