बर्मिंगहॅममध्ये वाजलेलं सूप

चौऱ्याहत्तर साली लाखनीहून नागपूरच्या एसटीत मी चढले, तेव्हा अख्खं घर मला पोचवायला आलं होतं. फक्त माय आली नव्हती. बाबांनी ट्रंक टपावर चढवली, धाकटा रमेश खिडकीखाली उभा राहून उगाच हसत होता, आणि मागून ट्रकांचे हॉर्न असे, की कोण काय बोलतंय तेच कळू नये. माय घरी होती. अंगणात पाठ करून तांदूळ पाखडत बसलेली.

रमेशच्या पोरींनो, तुमच्यातली एक आता पुण्याला निघाली आणि एक गावातच राहणार, म्हणून तुम्हा दोघींना हे लिहिते. तुमच्या आजीचा राग खोटा नव्हता. तिने माझ्यासाठी साकोलीचा मुलगा हेरून ठेवला होता, बसने अर्ध्या तासावरचा. बाबांनी नागपूरचं स्थळ आणलं, मुलगा बर्मिंगहॅमला कारखान्यात. बाबांनी मला विचारलं आणि मी बया लगेच हो म्हणून बसले, तेही हसत हसत. ते हसणंच तिला लागलं. लग्नात तिने सगळं केलं, पण माझ्याशी बोलणं टाकलं. निघताना मी पाया पडले, तर तिने हातातलं सूप टोपलीत रिकामं केलं आणि माझ्या वळकटीला सुतळीने करकचून बांधलं.

"तिकडं तांदूळ कायच्यात पाखडशीन?" एवढंच म्हणाली. पुढची सहा वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

तिकडे पाखडायचं काय, कपाळ! तांदूळ यायचा पिशवीतून, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. खडा नाही, कोंडा नाही. सूप भिंतीवर खिळ्याला लटकून राहिलं. रमेशची पत्रं यायची, त्यात धानाची, तलावाच्या पाण्याची, म्हशीची खबर असायची आणि शेवटी 'मायचा आशीर्वाद'. तो रमेशच्या पदरचा होता हे मला पक्कं ठाऊक होतं. मायला बोलायचं असतं तर तिने आधी चार शिव्या लिहवल्या असत्या.

शेजारी विन्स्टन राहायचा. जमैकाहून आलेला, बस चालवायचा, आणि शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये मित्रांबरोबर गाणंबजावणं करायचा. एकदा त्याने आम्हा दोघांना बोलावलं. मी चांगली रेशमी साडी नेसून गेले, म्हटलं चकाचक वाद्यं असतील. पाहते तर काय, एकाने कपडे घासायची पत्र्याची फळी छातीशी धरलीय आणि बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालून तो ती खरडतोय. दुसऱ्याने चहाच्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून आपल्या गावच्या खडीगंमतीच्या खेळातल्या तुणतुण्याचा थोरला भाऊ केलाय. तिसरा मातीच्या बरणीत फुंकतोय. अवं माय, मी मनात म्हटलं, यांनी तर आख्खं सैपाकघर उचलून आणलं!

गाण्याला ते ब्लूज म्हणायचे. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचं उत्तर द्यायचं. शब्द मला फारसे कळले नाहीत, पण चिखलात वाकून धानाचा रोवणा करताना गाणाऱ्या आपल्या बाया आठवल्या. घर सुटलेल्या माणसांचं गाणं आहे, असं विन्स्टन म्हणाला. मला फार रडू आलं त्या दिवशी.

पुढे तो चहाला आला तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या सुपाकडे गेलं. मी काढून दाखवलं, कडेवर बोटं वाजवली, दोनदा पाखडलं. तो चहा विसरला. पुढच्या शनिवारी मी सूप घेऊन हॉलमध्ये हजर! आमचे हे हसून हसून बेजार. आता रिकामं सूप पाखडायचं नसतं, घरातला दाणा उडून जातो, यावरून लहानपणी मी मायचे किती धपाटे खाल्ले होते. पण चर्चच्या गुळगुळीत फरशीवर तांदूळ सांडला तर वेचणार कोण, आणि इथे मला पाहते कोण? मी बिनधास्त रिकामं सूप पाखडलं.

ऐंशी साली आम्ही एक कॅसेट भरली. भारतात जाणाऱ्या ओळखीच्या बाईंबरोबर मी ती घरी पाठवली. बहिणीचा पराक्रम म्हणून रमेशने अंगणात टेपरेकॉर्डर मांडून सगळ्यांना ऐकवली. माऊथ ऑर्गन, गिटार, फळी, बरणी, एवढ्या गोंधळात मायने मान वर केली आणि परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग म्हणाली, पोरगी रिकामं सूप पाखडून राहिली, तिच्या घरी दाणा नाही. रमेशने गाणं म्हणजे काय ते समजावून पाहिलं, पण तिला ते पटेना. दोन दिवस ती धड जेवली नाही. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांचा मुलगा तिकडे शिकायला निघाला होता. त्याच्या गळ्यात तिने आपल्या शेताच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळाची पिशवी घातली. सोबत रमेशच्या हातची चिठ्ठी होती, पण बोल सगळे तिचे: "उपाशी राहून राहिली, तं मले काहून नाही सांगितलं?"

चिठ्ठी मी दारातच तीनदा वाचली. बाई गं, सहा वर्षांनी माय बोलली होती.

त्या शनिवारी मी सुपात मूठभर चिन्नोर टाकला आणि फरशीवर चादर अंथरली. पाखडलं, तर दाणे सर्रकन वर गेले आणि सरसरत खाली आले. विन्स्टनने माऊथ ऑर्गन तोंडापासून बाजूला केला. तो म्हणाला, हाच आवाज आपण इतके दिवस शोधत होतो. पुढे विजेच्या गिटारी आल्या, ढोलांचा संच आला, पोरांनी ब्लूजचं रॉक केलं, पण त्या सगळ्यात माझं सूप टिकलं. दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या सामानातून मायची पिशवी येत राहिली.

चौऱ्याऐंशी साली मी गावी आले ती नवी कॅसेट घेऊन. माय अंगणात पाखडतच होती. रमेशने टेप लावला. तिचा हात थांबला, जरा वेळ तिने ऐकलं आणि मग तिचं सूप माझ्या सुपाच्या तालावर चालू लागलं. "आता भरल्या घरचं वाजते," ती म्हणाली, माझ्याकडे न बघताच.

मी परत निघाले तेव्हा माय लाखनीच्या बसथांब्यापर्यंत आली. बस हलली तशी खिडकीतून हात घालून तिने माझ्या मुठीत तांदूळ दिला.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला कोणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी गावाचंही नाव सांगते आणि बर्मिंगहॅमचंही, दोन्ही खरीच आहेत. पण वाजवायला बसण्याआधी मी सुपात मूठभर तांदूळ टाकते, तेव्हा माझं घर कुठलं ते कोणी विचारायची गरजच राहत नाही. पुण्याला जाणारे, ट्रंकेत जागा नसली तरी सूप ने. आणि गावात राहणारे, दर वर्षी तांदूळ धाडत जा, बहिणीचं सूप रिकामं पडू देऊ नको.