चोरबटण

आमच्या गावात चारचाकी तीनच आणि त्यातली एक माझी, हे सांगताना मला पूर्वी फार बरं वाटायचं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालो तेव्हा घेतलेली. जुनीच, डिझेलवरची, सात माणसं आरामात बसतील अशी. उंद्रीच्या फाट्यावरून आत आमचं गाव, आणि दवाखाना म्हणाल तर थेट चिखलीला. त्यामुळे गाडी कागदोपत्री माझी आणि अडल्यानडल्याला सगळ्या गल्लीची, असा रिवाजच पडून गेला होता. किल्ली दारामागच्या खिळ्याला असायची. मी घरी नसलो तर बायकोला हाक मारायची, किल्ली घ्यायची आणि निघायचं.

या रिवाजाची सर्वांत जास्त गरज शेजारच्या दादांना लागायची. वहिनींना दमा होता. दादांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे गाडीवर हात बसलेला. तोंडात मारायच्या पंपानेही वहिनींचा श्वास मोकळा होईना, की दादा त्यांना मागच्या सीटवर बसवून चिखली गाठायचे. दोन वर्षांत तीनदा असं झालं. ऑक्सिजन लावला की तासाभरात वहिनी बोलायला लागायच्या. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या गाडीनं वाचवलं." मीही खुशाल ते श्रेय घ्यायचो.

मग खामगावला एका लग्नात माझ्या साडूची गाडी चोरीला गेली. जेवून मंडपाबाहेर आले तर गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. पोलिसांत तक्रार झाली, गाडी काही मिळाली नाही. साडू महिन्याभरात सावरले. मी नाही सावरलो. दुधानं तोंड पोळलं त्यांचं आणि ताक फुंकून प्यायला लागलो मी. रस्त्यावर कुणी अनोळखी माणूस गाडीकडे वळून पाहायला लागला की मी जाऊन चारही दारं पुन्हा ओढून पाहायचो. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा आणून पाहिला. बायको म्हणाली, "गाडी हाय का मारका बैल?" तिच्या चिडवण्याला कंटाळून तो काढून टाकला आणि चिखलीच्या एका मेस्त्रीकडे गेलो.

मेस्त्रीनं ड्रायव्हरच्या सीटखाली, हात वाकडा करून घातला तरच लागेल अशा जागी, एक बारकं बटण बसवलं. ते बंद असलं की इंजिनाला डिझेलच जात नाही. त्याला तो चोरबटण म्हणायचा.

"किल्ली फिरवली का स्टार्टर घुरघुर करन, पन गाडी उचलनार नाही. चोराले वाटन खटारा हाय, सोडून जाईन," तो म्हणाला. "पन काका, कोनाले सांगू नका. घरच्याईलेबी नाही. बायकोले सांगतलं म्हंजे गल्लीले सांगतलं."

खात्यात मी एवढंच शिकलो होतो की गोष्ट षट्कर्णी झाली की तिचा खेळ खलास. सल्ला मला तंतोतंत पटला. मी कुणालाही सांगितलं नाही. कुणी गाडी मागायला आलं की मीच आधी बाहेर यायचो, "थांबा, सीट मागं सरकवून देतो" म्हणत वाकायचो आणि बटण चालू करून द्यायचो. मी घरी नसताना कुणाला गाडी लागली तर काय, हा विचार मला सुचलाच नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सुचला होता. तेव्हाचं तेव्हा पाहू, असं म्हणून मी तो सोडून दिला.

उन्हाळ्यात, भर तिथीच्या दिवशी, पिंपळगाव राजाला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. गावातल्या दुसऱ्या दोन्ही गाड्या त्याच दिवशी दुसऱ्या लग्नांना गेलेल्या. माझी मी नेली नाही. लग्नाच्या गर्दीत ती बाहेर उभी करायची आणि आत बसून जिलबी खायची, हे मला जमणारं नव्हतं. बटण बंद केलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि वऱ्हाडाच्या बसनं गेलो. बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली.

अक्षता पडल्या होत्या, पंगत बसत होती, बँड जोरात वाजत होता. दादांचा फोन आला.

"भाऊ, गाडी सुरू नाही होऊन राह्यली. हिचा दम लई वाढला. सरकारी गाडीले फोन केला, ते दुसरा पेशंट घेऊन गेली म्हंते, टाइम लागन."

फोनमधून खूप आवाज येत होते. कुणी म्हणत होतं धक्का मारा, कुणी म्हणत होतं बॅटरी उतरली. मी पहिलं काय विचारलं? वहिनी कशा आहेत, हे नाही विचारलं.

"तिथं कोन कोन हाय?" मी विचारलं.

"सारी गल्ली हाय ना भाऊ. फोन स्पीकरवर हाय. काऊन?"

आता बटणाचं सांगितलं की पंचवीस जण ऐकणार. संध्याकाळी पानठेल्यावर, उद्या बाजारात. एवढं सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि ते जायला फार वेळ लागत नाही. मी म्हणालो, "ठेवा दादा, मी घरी फोन करतो." बायकोला हळूच सांगावं, तिनं जाऊन बटण दाबावं, असा माझा हिशेब.

बायकोनं फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. ती दादांच्या ओट्यावर वहिनींना वारा घालत उभी होती आणि तिचा फोन घरात चार्जिंगला होता. मग मी दादांना लावला. तेही उचलेनात. गल्लीतली माणसं गाडीला धक्का मारत शाळेपर्यंत घेऊन गेली होती, दादा स्टिअरिंगवर, आणि फोन कुठंतरी सीटवर वाजत होता. मी मंडपाबाहेर उन्हात उभा राहून पुन्हा पुन्हा लावत राहिलो. दुसऱ्या कुणाला लावावं हेसुद्धा मला सुचेना. पंचवीस माणसं होती तिथं. वीस मिनिटं गेली.

शेवटी दादांनी उचलला. मी म्हणालो, "स्पीकर बंद करा." त्यांनी बंद केला. मी बटणाची जागा सांगितली. आणि एवढं झाल्यावरही माझ्या तोंडून गेलं, "पन दादा, कोनाले सांगू नका."

"हाव," ते म्हणाले.

गाडी किल्लीच्या पहिल्या फेऱ्यालाच सुरू झाली. वहिनी चिखलीच्या अलीकडेच गेल्या. डॉक्टरांनी गाडीतच तपासलं आणि दादांना म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. हे मला बायकोनं सांगितलं. ती मागच्या सीटवर वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडी का अडली, ते तिलाही तेव्हा कळलं नव्हतं.

गावाचा समज झाला की जुनी गाडी, बॅटरी गेली होती, धक्क्यानं शेवटी सुरू झाली. कुणीही मला बोल लावला नाही. उलट तेराव्याला दोघांनी सल्ला दिला की आता बॅटरी बदलून घ्या. मी बदलली. चांगली धडधाकट बॅटरी काढून नवी बसवली, गल्लीतल्या लोकांसमोर. एवढा नीचपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

पाच महिने मी दादांना टाळलं. समोर आले की फोन कानाला लावायचो. पण घराला घर लागून असताना माणूस किती टाळणार? एके दिवशी सकाळी धीर करून त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं कबूल करायचं, एवढं ठरवूनच गेलो होतो. पहिल्या फोनलाच मला ठाऊक होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही, तुम्हा लोकांवर मला भरवसा नव्हता, हे शब्द मी घरून पाठ करून आलो होतो.

दादा अंगणात तूर निवडत बसले होते. मी बसलो. "दादा, त्या दिवशी पहिल्या फोनच्या टाइमाले..." एवढंच मी बोललो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. दारातून आत पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बटनाचं ना? तुम्ही कायले घोर करता भाऊ? म्या कोनालेच नाही सांगतलं. पोरगा पुण्याहून आल्ता, त्यानं लई खोदून इचारलं, का बाबा, गाडी काऊन सुरू नाही झाली. त्यालेबी नाही सांगतलं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. ते मला धीर देत होते.